'संस्थात्मक पूर्णता' की 'संस्थासंपन्नता'?

कॅनडातल्या फ्रेंचभाषक अल्पसंख्याकांविषयीच्या लेखनात 'कोंप्लेत्यूद अँस्तित्यूसिओनेल' ही संज्ञा वारंवार येते. तिला मराठीत 'संस्थात्मक पूर्णता' म्हणावं का, असा प्रश्न आहे. माझ्या मते 'संस्थासंपन्नता' म्हणावं.

'संस्थात्मक' हा शब्द सरकारी मराठीत वेगळ्या अर्थाने रुळला आहे. 'संस्थात्मक प्रसूती' म्हणजे घरी न होता दवाखान्यात झालेली. 'संस्थात्मक विलगीकरण'ही तसंच. इथे संस्थेच्या आत काय घडतं हा मुद्दा नाही, समाजाकडे स्वतःच्या किती संस्था आहेत हा आहे. समाजशास्त्रज्ञ रेमों ब्रतों यांनी १९६४ साली मॉन्ट्रियलमधल्या ३० स्थलांतरित गटांच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली. चर्च, वर्तमानपत्र, मदतसंस्था आपल्या समाजाच्याच असल्या, की माणसाची ऊठबसही बरीचशी आपल्या लोकांत राहते.

म्हणजे ही गोष्ट कमीजास्त असते, आणि 'पूर्णता' तिथेच अडते. '१९६३ साली फ्रेंच माध्यमाचं मोंक्तों विद्यापीठ निघाल्यावर न्यू ब्रन्सविक प्रांतातले फ्रेंचभाषक अकादी लोक अधिक संस्थासंपन्न झाले' हे वाक्य सरळ चालतं. त्यात 'अधिक पूर्ण' घालून पाहा. 'संपन्न'ला श्रीमंतीची छटा आहे खरी, पण 'गुणसंपन्न'मध्ये ती कुणाला जाणवत नाही. 'स्वयंपूर्णता' मात्र नको. ओटावाच्या मोंफोर रुग्णालयात इंग्रजीतही उपचार मिळतात, तरी ते फ्रेंचभाषकांचंच.

हे 'चंच' फार महत्त्वाचं. १९९७ साली, ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोच्या आरोग्यसेवा पुनर्रचना आयोगाने मोंफोर बंद करायचं ठरवलं, विरोधानंतर सेवा छाटायचं. द्विभाषिक रुग्णालयं आहेतच, हा युक्तिवाद. पण द्विभाषिक ठिकाणी कर्मचाऱ्यांची आपसातली भाषा इंग्रजी होत जाते, फ्रेंच स्वागतकक्षापुरती उरते, आणि डॉक्टर-परिचारिकांना फ्रेंचमधून प्रशिक्षण मिळण्याची जागाही जाते. २००१ साली प्रांताच्या अपील न्यायालयाने, खालच्या न्यायालयाने रद्द केलेले आयोगाचे आदेश रद्दच ठेवले. शाळांबाबत १९९० च्या माहे खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र धरलं होतं: पुरेशी संख्या असेल तिथे नुसतं फ्रेंचमधून शिक्षण नव्हे, त्या शिक्षणाच्या कारभारातही पालकांचा अधिकार.

म्हणून भाषांतरात 'द्विभाषिक सेवा' आणि 'स्वभाषी संस्था' यांची सरमिसळ करू नये. तिथले लोक 'पार ए पूर' म्हणतात, शब्दशः 'कडून आणि साठी'. मराठीत मी 'आपली, आपल्यासाठी, आपणच चालवलेली' असं लिहीन. लांबतं, पण 'चालवलेली' गाळलं तर अर्थच हरवतो.