वाचकांचे प्रश्न : १२० अर्जांनंतर

प्रश्न : माझे वय ३८ आहे. मालसाठा आणि पुरवठा विभागात मी अकरा वर्षे काम केले. कंपनीने तो विभाग बंद केल्यामुळे गेले आठ महिने मी नोकरी शोधत आहे. आतापर्यंत सुमारे १२० अर्ज केले. मुलाखतीचे बोलावणे चार वेळा आले आणि त्यांपैकी एका ठिकाणी अखेरच्या फेरीत नकार मिळाला. सुरुवातीला मी रोज पाच-सहा अर्ज करत असे; आता जाहिराती उघडून पाहण्याचीही इच्छा होत नाही. घरचे धीर देतात, पण मलाच त्यांच्यासमोर बसणे जड जाते. आपल्यातच काही कमी आहे का, असे वाटू लागले आहे. प्रयत्न आणखी वाढवावेत, की हे क्षेत्रच सोडून द्यावे?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातील आकडे तुमच्या मनातील शंकेपेक्षा वेगळे काही सांगत आहेत. १२० अर्जांतून चार बोलावणी आली, म्हणजे दर तीस अर्जांमागे एक. आणि त्या चारांपैकी एका ठिकाणी तुम्ही अखेरच्या फेरीपर्यंत पोहोचलात. चार ही संख्या लहान आहे, त्यामुळे मी त्यावरून छातीठोकपणे काही सांगणार नाही. परंतु जिथे कोणी तुम्हाला समोर बसवून ऐकले तिथे तुमचे काम पटू शकले, आणि अडते आहे ते बहुधा त्याआधी, कागदावर, असे दिसते. तेव्हा त्याच कागदाच्या आणखी शंभर प्रती पाठवून फारसे काही साधणार नाही.

अनेक मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी संगणकप्रणालीच्या मदतीने होते आणि त्यात जाहिरातीमधील शब्द अर्जात आहेत का, हेही पाहिले जाते. पुढे माणूस वाचतो तेव्हाही त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो. ‘मालसाठ्याच्या नोंदी ठेवणे’ हे वाक्य तुमच्या क्षेत्रातील प्रत्येकाच्या बायोडाटात असणार. नोंदी आणि प्रत्यक्ष साठा यांत किती तफावत येत असे, ती तुम्ही किती महिन्यांत किती खाली आणली आणि त्यासाठी कोणती पद्धत बदलली, हे मात्र तुम्हीच लिहू शकता. असा अर्ज तयार करायला अर्धा दिवस जातो, म्हणून आठवड्याला पाच-सहाच अर्ज करा आणि कोणत्या ठिकाणी कोणता मजकूर पाठवला याची वहीत नोंद ठेवा. वीस-पंचवीस अर्जांनंतरही बोलावण्यांत फरक पडला नाही, तर मजकुराऐवजी तुम्ही निवडत असलेली पदे तपासावी लागतील.

याच्या जोडीला जुन्या, सैल झालेल्या ओळखींकडे वळा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती अशा लोकांना, ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटत असे, असे विचारले होते. वारंवार भेटणारी व्यक्ती कामी आली, असे सुमारे सहांपैकी एकानेच सांगितले. उरलेल्यांच्या बाबतीत ती व्यक्ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारी होती. कारण सरळ आहे : जवळच्या माणसांना बहुतेक वेळा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. सात वर्षांपूर्वीचे सहकारी, माल पुरवणाऱ्या कंपन्यांतील ज्यांच्याशी रोज फोनवर बोलणे होई ती माणसे, यांना पत्र लिहा. ‘माझ्यासाठी शब्द टाका’ असे म्हटले की समोरचा अवघडतो. ‘तुमच्याकडे सध्या या कामासाठी कशी माणसे लागतात?’ असे विचारले तर तो मोकळेपणाने बोलतो.

आता उमेदीविषयी, कारण तुमच्या पत्रातील ही बाजू मला सर्वांत काळजीची वाटली. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावातील कापड कारखाना १९३०च्या सुमारास बंद पडला आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताशी भरपूर वेळ असूनही गावातील वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटली होती. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चालसुद्धा मंदावली होती. ही माणसे आळशी नव्हती. नोकरी पगाराबरोबर दिवसाला बांधणी देते, घराबाहेरच्या माणसांत नेते, आपला उपयोग आहे ही जाणीव देते; ते सारे एकाच वेळी गेले की मन असेच बधिर होते. तुमची अनिच्छा याच जातीची आहे, आणि त्यामुळे तिच्यावरून स्वतःची लायकी ठरवू नका. शोधाचे तास ठरवून घ्या, सकाळचे तीन पुरेत, आणि ते संपले की जाहिराती खरोखर बंद करा. उरलेल्या दिवसात तुमची वाट पाहिली जाईल असे एखादे काम असू द्या, मग ते कोणाला शिकवण्याचे असो वा एखाद्या संस्थेचा हिशेब पाहण्याचे. घरच्यांशी मात्र स्पष्ट बोला : आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मी आपणहून सगळे सांगेन, मधे विचारू नका. एवढे ठरले की जेवायला एकत्र बसणे पुन्हा सोपे होते. झोप उडाली असेल किंवा जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला असेल, तर डॉक्टरांना भेटायला अजिबात उशीर करू नका.

क्षेत्र सोडण्याचा निर्णय इतक्यात घेऊ नका, कारण थकलेल्या मनाला कोणतीही दुसरी वाट सोपी दिसते. बदललेल्या पद्धतीला तीन महिने द्या. जिथे अखेरच्या फेरीत नकार मिळाला, तिथल्या मुलाखतकारांना चार ओळी लिहून, आपण कुठे कमी पडलो, हे नम्रपणे विचारा. उत्तर येईलच असे नाही, पण आले तर ते अमूल्य असेल. या काळात पैशांची ओढाताण होत असेल तर तात्पुरते काम अवश्य स्वीकारा. शोधासाठी रोज दोन तास मोकळे राहतील, एवढे मात्र रुजू होण्याआधी बोलून ठरवून घ्या.