एमसीआरमध्ये येऊ का, असं विचारणाऱ्या मुलीला

अगं, तुझा मेसेज परवा नाईटला असतानाच वाचला, पण तेव्हा घाईत उत्तर दिलं असतं तर "ये, चांगलं फील्ड आहे" एवढंच लिहून मोकळा झालो असतो, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी निवांत बसून लिहितोय. ई अँड टीसीचा डिप्लोमा झालाय, मुंबईत चॅनलच्या एमसीआरमध्ये, म्हणजे जिथून सगळं प्रक्षेपण बाहेर जातं त्या मास्टर कंट्रोल रूममध्ये, ट्रेनी म्हणून घेतायत, आणि घरचे म्हणतायत की दहा वर्षांनी हे सगळं एआयच करणार, मग जाऊ की नको, हा तुझा प्रश्न.

आधी वाईट ते सांगतो. जागा कमी होतायत आणि अजून होणार. मी लागलो तेव्हा एका बुलेटिनला पीसीआरमध्ये (स्टुडिओच्या प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये) चित्रं बदलणाऱ्या स्विचरवर एक, ऑडिओवर एक, पडद्यावरच्या अक्षरांना म्हणजे सीजीला एक, प्रॉम्प्टरला एक, टेप चालवणाऱ्या व्हीटीआरला एक, कॅमेऱ्यांचा रंग-उजेड सांभाळणाऱ्या सीसीयूवर एक आणि वर फ्लोअरवर तीन कॅमेरामन असे आम्ही दाटीवाटीने काम करायचो. आता जिथे ऑटोमेशन बसलंय तिथे रनडाउनमध्येच, म्हणजे बुलेटिनच्या क्रमवार यादीतच, कोड टाकलेले असतात, ही स्टोरी आली की हा कॅमेरा घे, हा माइक उघड, ही पट्टी लाव, रोबोटिक कॅमेरे फ्रेम आपली आपण लावतात आणि एक माणूस एकामागून एक क्यू देत अख्खं बुलेटिन काढतो. मे 2024 मध्ये डीडी किसानवर क्रिश आणि भूमी हे एआय अँकर आले तेव्हा सगळीकडे चर्चा एकच, आता अँकरचं काय होणार. पण ज्यांच्या खुर्च्या खरोखर गेल्या ते लोक कधी पडद्यावर नव्हतेच, त्यांच्याबद्दल कुणी चर्चा केली नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

हे एआयमुळे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. माझी पहिली नोकरी टेपवर, बीटाची कॅसेट लावायची, हेड साफ ठेवायचं, टेपला वेग घ्यायला पाच सेकंदांचा प्रीरोल धरून डायरेक्टरने म्हटलं की सोडायची. सर्व्हर आले आणि ती खोलीच बंद झाली. आम्ही चौघं होतो, त्यातले दोघं इंजेस्टला, म्हणजे आलेलं फुटेज सर्व्हरवर चढवायला, गेलो, दोघांनी लाईनच सोडली, आणि ते दोघं हुशारीत आमच्यापेक्षा कमी नव्हते, त्यांना सर्व्हरसमोर कुणी बसवलंच नाही. दूरदर्शनचंही बघ, तालुक्या-तालुक्याला एलपीटी, म्हणजे कमी ताकदीचे ट्रान्समीटर, होते, रात्रंदिवस ड्युट्या लागायच्या, पण लोक डिशकडे वळले आणि 31 मार्च 2022 पर्यंत मोजके 50 च्या आसपास सोडून बाकीचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद करायचं ठरलं. तिथे कुठलंही एआय नव्हतं.

आता एक प्रसंग सांगतो, नाव नको, कुठल्या चॅनलचा ते महत्त्वाचं नाही. 26/11 च्या श्रद्धांजलीचं लाइव्ह चालू होतं, मी एमसीआरला शिफ्ट इनचार्ज. दोन मिनिटांचं मौन सुरू झालं, मैदानात सगळे स्तब्ध उभे, आवाज शून्य, फ्रेमही जवळजवळ हलत नव्हती. आमच्याकडे सायलेन्स डिटेक्टर होता, 20 सेकंद आवाज आला नाही की सिस्टीम समजणार फीड, म्हणजे येणारा सिग्नल, मेलं आणि आपोआप बॅकअपवर जाणार. विसाव्या सेकंदाला ती गेली. बॅकअपवर एका विनोदी कार्यक्रमाचा प्रोमो होता, हशा-टाळ्यांसकट. मेन फीडवर परत यायला आम्हाला अकरा सेकंद लागले, कारण डिटेक्टर बाजूला सारणारा बायपास पूर्वी पॅनलवर बटण म्हणून होता तो आता दोन मेनूंच्या आत गेलेला. मौनात उभ्या असलेल्या त्या पोलीस कुटुंबांचा चेहरा आणि त्यावर तो हशा, अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मशीनने काहीच चूक केली नव्हती. तिला डेसिबल कळत होते, मौन कळत नव्हतं. चूक माझी, कारण रनडाउनमध्ये "मौन, 2 मिनिटं" असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी फक्त वेळा बघितल्या, मजकूर वाचला नाही. वाचला असता तर पाच मिनिटं आधी डिटेक्टर मॅन्युअलवर टाकला असता. तेव्हापासून माझ्या शिफ्टला जो येईल त्याला पहिलं काम हेच, पुढच्या तासाचा रनडाउन बातमीसारखा वाचायचा. मशीन नक्की काय मोजतंय आणि काय मोजत नाहीये हे ज्याला ठाऊक असतं त्याला काढणं अवघड जातं, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय. नुसतं बटण दाबायला शिकायला येणार असशील तर मात्र मी नको म्हणेन.

मग शिकायचं काय, तर नेटवर्किंग, आणि ते आत्तापासूनच. पूर्वी एसडीआयमध्ये, म्हणजे केबलवरच्या व्हिडिओत, एक केबल म्हणजे एक सिग्नल, तिच्या टोकाची बीएनसी पिन हलवली की कळायचं कुठे गेलं ते. आता मोठ्या ठिकाणी नेटवर्कवरून व्हिडिओ नेणारं एसएमपीटीई 2110 येतंय, हे स्टँडर्ड 2017 चं, त्यात व्हिडिओ, ऑडिओ, डेटा वेगवेगळ्या पॅकेटमधून जातात आणि सगळ्यांना नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या एका पीटीपी घड्याळावर चालावं लागतं. एखादं यंत्र चुकीच्या घड्याळावर लॉक झालं की गंमत बघ, डॅशबोर्ड हिरवागार असू शकतो आणि अँकरचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. हे आधी डोळ्याला आणि कानाला कळतं, आणि मग ते पॅकेटमध्ये शोधावं लागतं, म्हणून मल्टिकास्ट, व्हीलॅन, आयजीएमपी हे नेटवर्किंगचे शब्द पाठ करू नकोस, हाताने करून बघ.

घरी बसून करता येईल असं एक सांगतो, पैसे लागत नाहीत. लॅपटॉपवर ओबीएस हे व्हिडिओचं फुकट सॉफ्टवेअर टाक, गावाकडच्या मैत्रिणीला मोबाईल डेटावर बसव आणि तिच्याकडून एसआरटीने, म्हणजे इंटरनेटवरून लाइव्ह व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीने, तुझ्याकडे व्हिडिओ घे. एसआरटीची लेटन्सी, म्हणजे मुद्दाम ठेवलेला उशीर, मुळात 120 मिलिसेकंद असते, तेवढ्यावर चित्र फुटेल बहुतेक. मग पिंग, म्हणजे सिग्नलला जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोज, जेवढं येईल त्याच्या साधारण चौपट लेटन्सी ठेव आणि फरक बघ. नंतर पॅकेट तपासणारं वायरशार्क लावून कुठे पॅकेट गळतायत ते शोध. डीएसएनजीऐवजी (सॅटेलाइटच्या गाडीऐवजी) मोबाईल नेटवर्कवर चालणाऱ्या बॅकपॅकवरून लाइव्ह येतं तेव्हा आम्ही रोज याच दुखण्याशी झगडतो.

मराठीचं एक तुझ्या बाजूने आहे. बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं स्पीच-टू-टेक्स्ट स्टुडिओतल्या अँकरचं बरं पकडतं, पण गडचिरोलीचा शेतकरी वाऱ्यात उभा राहून फोनवर बोलला की पट्टीवर भलतंच येतं, आणि ते एअरवर जाण्याआधी थांबवायला मराठी ऐकणारा कान लागतो. तुझा आहे तो. घरच्यांना हेही सांग.

ऑफर घेण्याआधी तीन गोष्टी विचार, ट्रेनिंग कुठल्या सिस्टीमवर, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, आणि नाईटला ड्रॉप, म्हणजे घरी सोडायची गाडी, आहे का. ड्रॉप नसेल तर पहिल्या सहा महिन्यांतच थकशील, हे विचारायला संकोच करू नकोस. पुढच्या आठवड्यात मी मॉर्निंगला आहे, दुपारी तीननंतर फोन कर, आणि त्याआधी तो एसआरटीचा प्रयोग करून किती पिंगला किती लेटन्सी लागली ते वहीत लिहून फोटो पाठव.