पहिलाच बालबाजार भरवताय?

मॅडम, वर्षअखेरीला तिसरी-चौथीचा बालबाजार भरवताय, फार छान! सुरुवातीला एवढंच पाहा:

- सुट्टे पैसे. बाजार अडतो तो इथेच. पालक शंभर-दोनशेच्या नोटा आणतात. प्रत्येक दुकानाला ५ आणि १०च्या नाण्यांत पन्नास रुपये आधीच द्या, वहीत लिहा. नाहीतर मुलं तेही नफ्यात धरतात.
- भाव ५च्या पटीत: मेथीची जुडी १०, भेळ १५.
- दुकानावर दोघं. एक माल देईल, दुसरा हिशेब.

सकाळी ८ ते १०च ठेवा, पालेभाजीवर ओलं फडकं टाका. पालकांनी गल्ल्याला हात लावायचा नाही. मूल बोटं मोजत "पन्नासातून पस्तीस गेले…" म्हणत अडलं, तर अडू द्या. गिऱ्हाईक थांबेल.