बेटावर उतरण्याआधी हाक द्या

मागच्या महिन्यात हायडा ग्वायवर लिहिलं आणि बरीच पत्रं आली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अलास्काच्या थोडं खाली, दीडशेहून अधिक बेटं आहेत. ती हायडा या मूळनिवासी लोकांची वडिलोपार्जित भूमी. २०१० पर्यंत सरकारी नकाशावर त्यांचं नाव ‘क्वीन शार्लट आयलंड्स’ होतं. पत्रांतले काही प्रश्न थोडे छाटून देते आहे.

आम्ही व्हँकूवरजवळ सरीला राहतो. जुलैत पुण्याहून आई-बाबा येताहेत, दोघंही सत्तरीचे. पाच दिवसांत स्गंग ग्वायचे कोरीव खांब बघून होतील का?

नाही होणार. स्गंग ग्वाय हे ओस पडलेलं जुनं हायडा गाव १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण ते अगदी दक्षिण टोकाला. ग्वाय हानास या संरक्षित भागात रस्ताच नाही. बोट किंवा समुद्रविमान, आणि दोन्ही हवामानाच्या मर्जीवर. मुख्य भूमीवरच्या प्रिन्स रूपर्ट बंदरातून बेटांवरच्या स्किडगेट गावाची फेरी सात-आठ तास घेते, आणि मधली हेकेट सामुद्रधुनी उथळ असल्यामुळे वारा सुटला की लाटा चटकन उभ्या राहतात. पाच दिवसांतले दोन असेच जातील.

त्यापेक्षा स्किडगेटच्या के ल्नगाय इथलं हायडा संग्रहालय बघा. समोर किनाऱ्यावर २००१ साली उभारलेले सहा खांब आहेत. आई-बाबांना तिथे निवांत अर्धा दिवस बसू द्या, गाइडला प्रश्न विचारू द्या. गुडघे साथ देत असतील तर एक दिवस बोटीने कूना या जुन्या गावी जाऊन या. रबरी बोट भरपूर आदळते, हे आधीच सांगून ठेवा.

खांब उघड्यावर कुजताहेत, शेवाळलेत असं तुम्हीच लिहिलंत. मग छप्पर का घालत नाहीत? इतकी उदासीनता?

हा प्रश्न चार जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्गंग ग्वायचे बरेच खांब मृत्युखांब आहेत. सरदार गेला की त्याचे अवशेष लाकडी पेटीत घालून ती पेटी खांबाच्या माथ्यावर ठेवत. म्हणजे तुम्ही ज्याला शिल्प म्हणताय ती समाधी आहे. सीडरचा खांब उभा राहतो, कलतो, पडतो, मातीत मिसळतो, आणि त्याच्यातून नवं झाड उगवतं. हेच त्याचं आयुष्य. पार्थिव गणपती पाण्यात विरघळतो म्हणून आपण कुणाला उदासीन म्हणत नाही. काही कललेले खांब मध्यंतरी सरळ केले गेले, तेही हायडांनी ठरवलं म्हणून. याउलट १९५७ मध्ये ‘वाचवण्यासाठी’ काही खांब कापून संग्रहालयांत नेले, त्याबद्दल आजही तिथे मिश्र भावना आहेत.

गावं ओस का पडली, हेही विचारायला हवं. १८६२ साली व्हिक्टोरिया शहरात देवीची साथ आली. तिथे तळ ठोकून असलेल्या उत्तरेकडच्या लोकांना अधिकाऱ्यांनी हुसकावून लावलं, आणि होड्यांबरोबर रोग घरोघर पोचला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायडा सहाशेच्या आसपास उरले होते. वाचलेले लोक स्किडगेट आणि मॅसेट या दोन गावांत एकवटले. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा हायडांनी पाहुण्यांना बेटं बंद केली आणि काही प्रवासी चिडले. मला त्यात चिडण्यासारखं काही दिसत नाही.

कॅनडात आम्ही कर भरतो. राष्ट्रीय उद्यान सगळ्यांचं असतं. मग उतरण्यापूर्वी कुणाची तरी परवानगी कशाला?

कारण ग्वाय हानास उद्यान झालं तेच मुळी हायडा रस्त्यावर आडवे उभे राहिले म्हणून. १९८५ साली तिथल्या लायल बेटावर लाकूडतोड चालली होती. हायडांनी वाट अडवली, ७२ जणांना अटक झाली, आणि सगळ्यात आधी पोलिसांबरोबर गेली ती वयोवृद्ध माणसं. तोड थांबली. पुढे १९९३ मध्ये हायडा आणि कॅनडा सरकार यांच्यात करार झाला. त्याची गंमत अशी की जमीन कुणाची यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही, तर दोघांचे दावे शेजारी-शेजारी लिहून ठेवले आणि सांभाळायची मात्र दोघांनी मिळून, असं ठरवलं. आजही व्यवस्थापन मंडळावर दोघांचे सदस्य सारखेच. २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने संपूर्ण हायडा ग्वायवर हायडांचा मूळ हक्क मान्य केला. तिथल्या खासगी मालमत्तांना धक्का न लावता.

आता परवानगीचं. जुन्या गावांत उन्हाळ्यात हायडा पहारेकरी राहतात. १९८१ मध्ये काही जणांनी स्वखुशीने हे सुरू केलं, कारण लोक येऊन वस्तू उचलून नेत होते. नाव आलं खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या उंच टोपीच्या तीन पहारेकऱ्यांवरून. किनाऱ्याला लागण्याआधी बोटीतून रेडिओवर त्यांना विचारायचं, ‘येऊ का?’ एका वेळी बाराच माणसं. आधीची मंडळी असतील तर बोटीत थांबायचं. आपणही कुणाच्या अंगणात शिरताना ‘आहे का कोणी घरात?’ अशी हाक देतोच की. शिवाय ग्वाय हानासमध्ये जायला परवाना लागतो आणि आधी माहितीसत्र सक्तीचं आहे. ते कंटाळवाणं नाही.

सहल हायडा लोकांचीच आहे हे ओळखायचं कसं? आणि इतकी महाग का?

महाग असण्याचं कारण इंधन, अंतर आणि छोटा हंगाम. ओळखायचं असेल तर सरळ विचारा: मालक कोण, गाइड कुठल्या गावचा, गावांत उतरण्याची परवानगी आहे का? संकोच वाटायचं कारण नाही. कॅनडाच्या मूळनिवासी पर्यटन संघटनेचं ‘ओरिजिनल ओरिजिनल’ हे चिन्हही असतं. निम्म्याहून अधिक मालकी मूळनिवासींची असली तरच ते मिळतं.

माझं आवडतं उदाहरण टलेल गावातलं हायडा हाउस. ते पूर्वी अस्वलांच्या शिकारीला येणाऱ्यांचं लॉज होतं. हायडांनी शिकारीच्या परवान्यासकट तो धंदाच विकत घेतला आणि शिकार बंद केली. आता तिथे पाहुणे शिकारीला नाही, बेटं बघायला उतरतात.

खरेदी करायची तर आर्जिलाइट, म्हणजे तिथल्या एका डोंगरातला काळा दगड. तो हायडाच कोरतात. कारागिराचं नाव विचारा. विक्रेत्याला ते सांगता आलं नाही तर खाली ठेवा.

ड्रोन चालेल का? मुलांनी शिंपले आणले तर?

ड्रोन नाही. शिंपलेही नाहीत. जुन्या गावांत पांढऱ्या शिंपल्यांनी वाट आखलेली असते, तिच्याबाहेर पाऊल टाकू नका. खांबांना हात लावू नका. माणसांचे फोटो विचारून.

एकच ठिकाण बघायचं असेल तर कुठलं सांगाल?

स्गंग ग्वाय नाही. लायल बेटावरचं विंडी बे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तिथे साडेबारा मीटरहून उंच नवा खांब उभा केला, ग्वाय हानासमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरचा पहिला. १९९३ च्या कराराला वीस वर्षं झाली म्हणून. त्यावर गरुड आहे, आदल्या वर्षीचा मोठा भूकंप आहे, आणि मधे पाच माणसं एकमेकांना धरून उभी आहेत. १९८५ मध्ये वाट अडवून उभी राहिली ती माणसं. त्यांच्या पायांत गमबूट कोरलेत.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी तर राहणार नाही?

नाही, पण किराणा फेरीने येतो, तेव्हा भाजी महाग आणि कधीकधी संपलेली. थालीपिठाची भाजणी घेऊन जा. कुणी प्रेमाने ‘काव’ पुढे केलं, तर ती समुद्री शेवाळावर चिकटलेली हेरिंगची अंडी असतात; नको म्हणालात तरी चालतं. आधी ‘हावा’ म्हणा. धन्यवाद असा त्याचा अर्थ.