डॅलस की बोस्टन? बंदुकीची भीती आणि खर्चाचा हिशेब

प्रश्न : माझ्या मुलाला संगणकशास्त्रातील एमएससाठी डॅलसजवळच्या एका सरकारी विद्यापीठात आणि बोस्टनमधील एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. डॅलसचा खर्च बराच कमी आहे आणि तिथे माझा मावसभाऊ राहतो, म्हणून यजमानांचा कल तिकडे आहे. पण टेक्ससमध्ये कुणीही पिस्तूल घेऊन फिरू शकतो, हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. काय करावे? – एक आई, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमची भीती अनाठायी नाही आणि घरात कुणी ती उडवून लावू नये. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील गोळीबारात ज्या ३२ जणांचा बळी गेला, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती.

आधी कायद्याचे पाहू. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. सरकारी विद्यापीठांच्या आवारात मात्र ही मोकळीक नाही. तिथे २०१६ च्या नियमानुसार परवाना लागतो आणि पिस्तूल झाकलेलेच ठेवावे लागते. बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना स्थानिक पोलीस प्रमुखाकडून घ्यावा लागतो आणि महाविद्यालयाच्या आवारात लेखी अनुमतीशिवाय शस्त्र नेणे गुन्हा आहे. २०२२ मध्ये बंदुकीने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण टेक्ससमध्ये लाखामागे सुमारे १५, तर मॅसॅच्युसेट्समध्ये चारहून कमी होते. हा फरक मोठा आहे. पण अमेरिकेतील अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून खोली घेताना सोबत राहणाऱ्यांपैकी कुणी घरात शस्त्र ठेवतो का, हे मुलाने संकोच न करता विचारलेच पाहिजे.

डॅलसच्या उपनगरातील एका भारतीय किराणा दुकानाच्या काचेच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत लावलेली सूचना मी वाचली होती : परवाना असला तरी लपवलेले पिस्तूल घेऊन आत येऊ नये. काचेपलीकडे तूरडाळीच्या पिशव्या रचलेल्या होत्या. मी थबकलो, बरोबरचे विद्यार्थी मात्र बोलत बोलत आत गेले. त्यांना तिची सवय झाली होती, आणि तुमच्या मुलालाही ती होईल.

मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गेल्या काही वर्षांत ओहायोत, शिकागो परिसरात आणि डॅलसमध्येही, पेट्रोल पंपावर काम करताना भारतीय विद्यार्थी गोळीबारात मारले गेले आहेत. विद्यार्थी व्हिसावर असताना सत्र चालू असेपर्यंत विद्यापीठाच्या आवारातच आणि आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. बाहेरचे विनापरवानगी काम व्हिसावरही गदा आणते. तरीही मुले रात्रपाळीला उभी राहतात, कारण हप्ता आणि भाडे यांचा मेळ बसत नाही. असा मुलगा कडक कायद्याच्या राज्यातही सुरक्षित नसतो. त्यामुळे यजमान मांडत असलेला पैशांचा प्रश्न आणि तुम्ही मांडत असलेला सुरक्षेचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असे मला मनापासून वाटते.

आता राहणीमान. बोस्टनमध्ये भाडे कंबर मोडणारे आहे आणि हिवाळा कडक, पण मेट्रो आणि बसवर दोन वर्षे निघतात. डॅलस परिसरात गाडीवाचून अडते. जुनी गाडी, विमा आणि इंधन यांचा खर्च कमी शुल्काच्या आनंदात बहुतेक पालक धरतच नाहीत. नोकरी लागल्यावर टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, मॅसॅच्युसेट्समध्ये पाच टक्के आहे; पण नोकरी कुठे लागेल हे आज ठाऊक नसल्याने त्यावर निर्णय बेतू नये.

माझे स्पष्ट मत असे : अर्धवेळ कमाई शून्य धरूनही बोस्टनचा दोन वर्षांचा पूर्ण खर्च कर्जात आणि बचतीत बसत असेल, तर बोस्टन निवडावे. ओढाताण होणार असेल, तर डॅलसला पाठवावे आणि वाचलेल्या पैशांतून विद्यापीठालगतची खोली घ्यावी, मग ती थोडी महाग का असेना. मावसभावाचे घर विद्यापीठापासून किती मैलांवर आहे, तेही विचारा.

एक सूचना दोन्ही शहरांसाठी. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक बाळगणे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्रांबरोबर हौस म्हणून नेमबाजीच्या रेंजवर जाऊन बंदूक हाती घेणेही अंगाशी येऊ शकते. हे मुलाला विमानात बसण्यापूर्वी सांगा.

अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या विद्यापीठांना क्लेरी कायद्यानुसार दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. दोन्ही अहवाल मुलाबरोबर बसून वाचा. त्यानंतर दोन्हीकडच्या दोन-दोन मराठी विद्यार्थ्यांना फोन करून एवढेच विचारा : रात्री अकराला ग्रंथालयातून खोलीवर कसे परतता, आणि महिनाअखेरीस हातात किती डॉलर उरतात?