कंट्रोल चार्ट लावण्याआधी डेटा नॉर्मल असायलाच हवा का?

नाही. कंट्रोल चार्ट म्हणजे मोजमापं वेळेच्या क्रमाने मांडून, वर-खाली लिमिटच्या रेषा आखून प्रोसेस स्थिर आहे का ते बघायचा आलेख; नॉर्मल म्हणजे घंटेच्या आकाराचं वितरण. 'आधी नॉर्मॅलिटी टेस्ट, मग चार्ट' असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनी क्रमच उलटा धरलाय.

चाकणच्या एका सीएनसी शॉपमध्ये मी क्वालिटी बघायचो. शाफ्टचा रनआउट (फिरताना तो किती डगमगतो ते) आणि हाउसिंगचा बोअर (बेअरिंग बसायच्या भोकाचा व्यास), दोन्ही पार्ट एकाच कस्टमरला जायचे. रनआउट शून्याखाली जाऊच शकत नाही, म्हणून रीडिंग शून्याजवळ दाटलेली आणि उजवीकडे लांब शेपूट. चार्ट मात्र शांत: ना पॉइंट लिमिटबाहेर, ना मधल्या रेषेच्या एका बाजूला सलग रांग. कस्टमरच्या साहेबांनी नॉर्मॅलिटी टेस्टची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे 'डेटा नॉर्मल नाही', अशी बघितली आणि पीपॅप (पार्ट मंजुरीची फाइल) परत पाठवला. बोअरचा हिस्टोग्राम (कुठल्या मापाची किती रीडिंग ते दाखवणारा स्तंभालेख) घंटेसारखा देखणा, तो लगेच पास! त्याच बोअरचे सबग्रुप (एका वेळी लागोपाठ मोजलेल्या थोड्या पार्टचे गट) मी वेळेच्या क्रमाने मांडून नेले होते. इन्सर्ट (कापणारं टोक) झिजेल तसा बोअर लहान होत जायचा, ऑपरेटरने मशीनवर ऑफसेट (झिजेची भरपाई) दिला की एकदम वर, पुन्हा उतार. साहेबांनी तो कागद बाजूला सारला. पुढे त्यांच्या लाइनवर बेअरिंग बसेना, तेव्हा सॉर्टिंगला आमचीच पोरं उभी राहिली.

हिस्टोग्रामला वेळ कळत नाही. तेच आकडे पत्त्यांसारखे पिसा, आकार तोच राहतो आणि नॉर्मॅलिटी टेस्टचं उत्तरही तेच. स्थिरता तर सगळी क्रमातच असते. शिवाय प्रोसेस अस्थिर असेल तर तिचं एक असं वितरणच नसतं, मग टेस्ट कशाची करताय?

कंट्रोल चार्टचा जनक वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीसाठी पहिला चार्ट काढला. पुढे तीन सिग्माचं (सरासरीपासून दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर लिमिट आखण्याचं) समर्थनही त्याने अनुभव आणि खर्च यांवरच केलं. वितरण कुठलंही असो, तीन सिग्मात किमान ८९ टक्क्यांच्या आसपास डेटा येतोच. शिखर एकच असेल तर किमान ९५. एवढं पुरतं.

सिग्मा मात्र सबग्रुपच्या रेंजवरून (गटातल्या सर्वांत मोठ्या आणि लहान रीडिंगमधल्या फरकावरून) काढा. सगळा डेटा एकत्र करून काढलात तर सरकणारी प्रोसेसही लिमिटच्या आत दिसेल. रनआउटला बॉक्स-कॉक्स (डेटा नॉर्मल दिसावा म्हणून आकडे बदलायचं सूत्र) लावून आकडे 'सरळ' करून आणा म्हणणाऱ्याला आधी क्रमाने काढलेला चार्ट मागा.

हो, सीपीकेवरून (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते त्या आकड्यावरून) पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती पार्ट खराब, सांगायचे असतील तर वितरणाचा आकार बघावाच लागतो. पण ते स्थिरता सिद्ध झाल्यावर. आणि शेपूट फारच लांब असेल तर सुट्या रीडिंगच्या चार्टवर खोटे इशारे वाढतात, तिथे सबग्रुप घ्या.