वाचकांचे प्रश्न : अध्यक्ष प्रामाणिक असताना विचारणा कशासाठी?

प्रश्न : नेरूळ येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष बरीच वर्षे बिनविरोध निवडून येत आहेत. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ वागायला साधे आहेत आणि संस्थेच्या पैशातून स्वतःसाठी चहासुद्धा मागवत नाहीत. आता इमारतीचा पुनर्विकास निघाला आहे. विकासकाशी काय बोलणी चालली आहेत असे विचारले, की "माझ्यावर विश्वास नाही का?" एवढेच उत्तर मिळते. गेल्या सर्वसाधारण सभेत एका तरुण सभासदाने सत्ता आणि भ्रष्टाचार यांविषयीचे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज इतिहासकार लॉर्ड ॲक्टन यांचे प्रसिद्ध वाक्य ऐकवले, तेव्हा सभा त्याच्यावरच तुटून पडली. ज्याने आयुष्यात एक पैसा खाल्ला नाही त्याला भ्रष्ट म्हणायचे का, असा सर्वांचा सूर होता. ॲक्टन यांना नेमके काय म्हणायचे होते आणि प्रामाणिक माणसाला ते लागू पडते का?
— एक सभासद, नेरूळ

उत्तर : सत्तेचा कल माणसाला भ्रष्ट करण्याकडे असतो आणि निरंकुश सत्ता त्याला पूर्णपणे भ्रष्ट करते, हे वाक्य ॲक्टन यांनी संसदेत किंवा जाहीर सभेत उच्चारलेले नाही. ते ५ एप्रिल १८८७ रोजी मँडेल क्रायटन यांना लिहिलेल्या खासगी पत्रात आहे. क्रायटन हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे, धर्मगुरू आणि पोपसत्तेचे इतिहासकार होते. त्यांच्या ग्रंथाच्या पुढील खंडांवर ॲक्टन यांनी कडक परीक्षण लिहिले आणि ते ज्या नियतकालिकासाठी लिहिले त्याचे संपादकही क्रायटनच होते. यातील गंमत अशी की ॲक्टन स्वतः कॅथलिक होते. तरुणपणी केंब्रिजच्या महाविद्यालयांत प्रवेश नाकारला गेल्यामुळे ते म्युनिकला जाऊन डोलिंगर या कॅथलिक इतिहासकाराजवळ शिकले. असा हा कॅथलिक गृहस्थ एका प्रॉटेस्टंट इतिहासकाराला, तुम्ही पोपांशी फार सौम्यपणे वागता, असे सुनावत होता.

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रसिद्ध वाक्याच्या आधीच्या ओळींत आहे. पोप आणि राजे यांच्याकडे पाहताना त्यांनी काही वाईट केले नसेल असे आधीच गृहीत धरावे, हा क्रायटन यांचा दंडक आपल्याला मान्य नाही, असे ॲक्टन तेथे म्हणतात. काही गृहीत धरायचेच असेल तर ते सत्ताधाऱ्याच्या विरुद्ध धरावे, आणि सत्ता जितकी मोठी तितके ते गृहीतक कडक करावे. कारण ज्यांच्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही त्यांचा हिशेब निदान इतिहासाने तरी मागितला पाहिजे. पुढे ते उदाहरणे देतात. ऐकिवात आहे ते खरे असेल तर, इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने कैदेतील स्कॉटलंडची राणी मेरी हिला ठार मारण्याविषयी तुरुंगाधिकाऱ्याला सांगितले आणि इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याने आपल्या स्कॉटिश मंत्र्याला एका कुळाचा नायनाट करण्याचा हुकूम दिला. सामान्य माणसाला ज्या गुन्ह्यासाठी फाशी होते, तोच गुन्हा मुकुटधाऱ्याने केला म्हणून त्याला वेगळा न्याय का, असा त्यांचा सवाल आहे. पदामुळे पदावरील माणूस पवित्र ठरतो, या समजुतीसारखे दुसरे पाखंड नाही, असेही त्याच पत्रात आहे.

म्हणजे आपल्या सभेने वादाचा मुद्दाच बदलला. त्या तरुणाने अध्यक्षांवर पैसे खाल्ल्याचा आरोप केला असे सभेने धरले आणि त्यांच्या स्वच्छ हातांची ग्वाही दिली. पण ॲक्टन यांची कसोटी हातांच्या स्वच्छतेपाशी थांबत नाही. अधिकार नसून नुसता प्रभाव असला तरी तो माणसाला बिघडवू शकतो, असे ते स्पष्ट म्हणतात, आणि बिनविरोध निवडून येणाऱ्या, सर्वांना आदरणीय असणाऱ्या अध्यक्षांजवळ असा प्रभाव भरपूर असतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" हा प्रश्न ऐकायला भावनेचा वाटतो, पण सत्ताधाऱ्याने चांगलेच केले असेल असे आधीच धरून चला, हीच ती मागणी आहे. तिला नकार देण्यात त्यांचा अपमान नाही. आमच्या मते तर हिशेब न मागता दिलेला विश्वास प्रामाणिक माणसालाही हळूहळू बेफिकीर करतो आणि अध्यक्षांच्या भोवतालचे लोक त्याचा फायदा अध्यक्षांच्याही आधी घेतात.

आपल्याकडे हे दुखणे जुने आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला होता. सोसायटीची सभा त्यातून सुटत नाही. व्यवहाराची बाजू त्यामानाने सोपी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभांची इतिवृत्ते संस्थेच्या कार्यालयात पाहण्याचा हक्क आहे. पुनर्विकासाचे निर्णय विशेष सर्वसाधारण सभेत, चित्रीकरणासह व्हावेत, अशा शासनाच्या सूचनाही आहेत. तेव्हा ॲक्टन यांचे वाक्य पुन्हा ऐकवण्यापेक्षा इतिवृत्ताची वही मागणारा दोन ओळींचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि विकासकाशी झालेल्या बैठकींची नोंद त्या वहीत आहे की नाही ते पाहावे. नोंद नसेल, तर पुढील सभेत तेवढेच विचारावे.

मात्र ॲक्टन यांची प्रत्येक गोष्ट डोक्यावर घेण्याचे कारण नाही. क्रायटन यांनी उत्तरात नम्रपणे सुचवले, की अपराधात कमीअधिक प्रमाण मानले नाही तर इतिहास ही दुष्टपणाची कंटाळवाणी यादी होईल, आणि या मुद्द्यात तथ्य आहे. दुसरे असे, की केंद्रसत्तेच्या धास्तीमुळे ॲक्टन यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांची बाजू घेतली. १८६६ साली दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांना लिहिलेल्या पत्रात, वॉटर्लू येथे नेपोलियनवर मिळालेल्या विजयाचा आनंद झाला त्यापेक्षा दक्षिणेची राजधानी रिचमंड येथे जे गमावले त्याचे दुःख आपल्याला अधिक आहे, अशी कबुली त्यांनी दिली. वॉशिंग्टनमधील केंद्र सरकारची सत्ता त्यांना दिसली, पण मळ्यातल्या गुलामावर मालकाची जी निरंकुश सत्ता होती ती ज्या माणसाला सर्वांत आधी दिसायला हवी होती, त्याला ती दिसली नाही. ही चूक आम्हाला किरकोळ वाटत नाही.

प्रश्न : वक्तृत्व स्पर्धेसाठी मी ॲक्टन यांच्यावर बोलणार आहे. ते राजकारणात यशस्वी होते का? त्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही हे खरे का?
— एक विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : राजकारणात ते फारसे चमकले नाहीत. १८५९ ते १८६५ या काळात ते आयर्लंडमधील कार्लोचे खासदार होते, पण सभागृहात क्वचितच बोलले. नंतर इंग्लंडमधील ब्रिजनॉर्थमधून ते एका मताने निवडून आले आणि मतांच्या फेरतपासणीत ती जागाही गेली. तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या शिफारशीने १८६९ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली, आणि त्यांचे खरे वजन पडद्यामागे, ग्लॅडस्टन यांचे स्नेही म्हणून होते.

ग्रंथाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. स्वातंत्र्याचा इतिहास लिहिण्यासाठी त्यांनी हजारो पुस्तके जमवली, पण तो ग्रंथ कधीच कागदावर उतरला नाही. १८९० मध्ये पैशांची ओढाताण झाली तेव्हा अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी ते ग्रंथालय विकत घेऊन ॲक्टन यांच्याच वापरात राहू दिले. आपल्या ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, तेव्हा ॲक्टन स्वतःच जमवलेली, पण आता दुसऱ्याच्या मालकीची पुस्तके वाचत होते. १८९५ मध्ये ते केंब्रिजलाच प्राध्यापक झाले आणि १९०२ मध्ये वारले. ती पुस्तकेही पुढे केंब्रिज विद्यापीठाकडे गेली. त्यांची व्याख्याने आणि निबंध मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आले आणि क्रायटन यांना लिहिलेले पत्र १९०७ च्या निबंधसंग्रहाच्या परिशिष्टात छापले गेले. भाषणात ते वाक्य घेणार असाल तर त्याच्या आधीच्या दोन ओळीही घ्याव्यात; परीक्षकांपैकी बहुतेकांनी त्या ऐकलेल्या नसतील.